दीडशे केळी आणि एक अनाम बागाईतदार



तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराकडे मराठी माणसाची पावले वळतात, ती बहुधा सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा शिलालेख पाहण्यासाठी. परंतु त्याच मंदिरावर त्याहून सुमारे आठशे वर्षे जुने तमिळ लेख आहेत. चोळ सम्राट पहिला राजराज याने इ. स. १०१० मध्ये हे मंदिर पूर्ण केले आणि त्याच्या व्यवस्थेचा हिशेब दगडावर कोरविला. त्या हिशेबात केळी आहेत. ती पिकविणारा मात्र नाही. आज विचार करावयाचा आहे तो या न दिसणाऱ्या शेतकऱ्याचा व त्याच्या कुटुंबाचा.

मंदिरातील गणपतीला रोज १५० केळ्यांचा नैवेद्य ठरला. त्यासाठी ३६० काशू, म्हणजे त्या काळची नाणी, तंजावरच्या पेठांतील व्यापाऱ्यांकडे ठेवण्यात आली. व्याज दर काशूस वर्षाला एक अष्टमांश, म्हणजे एकूण ४५ काशू. एका काशूस १,२०० केळी या दराने वर्षाची ५४,००० केळी होतात; ३६० दिवसांत वाटली की रोजची बरोबर दीडशे. मुद्दल तसेच राहावयाचे आणि केळी चंद्रसूर्य असेतोवर पोहोचवावयाची.

आता हेच आकडे मळ्याच्या बांधावरून पाहावेत. एका घडास शंभर केळी धरली, तर वर्षाला ५४० घड लागतात आणि बारा घडांना एक काशू पडतो. त्यातही व्यापाऱ्याचा वाटा आलाच. केळ एकदाच विते. घड उतरविला की तो बुंधा तोडून शेजारच्या मुनव्यास वाढू द्यावयाचे. नैवेद्य रोजचा, म्हणून लागवडही वर्षभर टप्प्याटप्प्याने हवी. पूर असो वा अवर्षण, दीडशेचा आकडा बदलत नाही. पाणी देणे, मुनवे काढणे, घड वाहणे ही एकट्याची कामे नव्हेत. मळा एक असो वा अनेक, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबेच राबली असली पाहिजेत.

मग नाव का नाही? तो सामान्य माणूस होता म्हणून, असे म्हणता येत नाही. याच लेखांत सुमारे चारशे नर्तकींची नावे आहेत. दिव्यांसाठी तूप पुरविणाऱ्या धनगरांचीही नावे आहेत; एका दिव्यामागे ९६ मेंढ्या त्यांच्या स्वाधीन केल्या जात. ज्याच्या हाती मंदिराचे धन गेले, त्याची नोंद झाली. मेंढ्या धनगरांकडे गेल्या, नाणी व्यापाऱ्यांकडे. बागाईतदाराने मंदिराकडून काही घेतले नाही; त्याच्या मळ्यातून मात्र मंदिरात रोज काही येत राहिले. हिशेबाच्या वहीत देणेकऱ्याचे नाव असते, राबणाऱ्याचे नसते.

म्हणून या कुटुंबाच्या चरित्राची सामग्री एवढीच उरते: एक दर आणि एक संख्या. ज्याने कधी केळीचा मळा राखला आहे, त्याला तेवढ्यावरूनही त्या घरातील दिवस कसा उगवत असेल, हे सांगता येईल.