सातचा भोंगा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘मोबाईल आणि आपलं जगणं’ असा विषय दिला आहे. मोबाईलला नावं ठेवायला मी उभा नाही. तीस वर्षं ज्यांचा पत्ता नव्हता, ती माणसं आज समोर बसली आहेत ती आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळेच.

आपल्यातले निम्मे सातारा जिल्ह्यात राहतात, निम्मे सांगलीत. १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता, आणि कृष्णामाई तर अजूनही दोन जिल्हे मानत नाही. कोयना धरणातून सोडलेलं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीत आयर्विन पुलाखाली येतं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या दिवसांत पाटणच्या आपल्या मित्राने विसर्गाचा आकडा ग्रुपवर टाकला, की सांगलीच्या मैत्रिणी सामान वरच्या मजल्यावर हलवायला लागायच्या. त्याच दिवसांत कुठल्या तरी जुन्या पुराचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून आला आणि एका मैत्रिणीच्या सासूबाईंचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फोन तोच, ग्रुप तोच. आकडा कुणी पाठवला ते आपल्याला माहीत होतं; व्हिडिओ कुणी काढला हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

याची किंमत कधी कधी फार मोठी असते. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव उसळला. एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद ठेवावं लागलं. बाजाराला आपण ज्या गावात जातो, तिथली ही गोष्ट आहे.

मग करायचं काय? मला उत्तर सापडलं ते सांगली जिल्ह्यातच, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे. सुमारे तीन हजार वस्तीचं, शेतकऱ्यांचं आणि साखर कारखान्यात काम करणाऱ्यांचं गाव. कोरोनात मुलांच्या हाती अभ्यासासाठी मोबाईल आला आणि शाळा उघडल्या तरी तो हातातच राहिला. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गाव एकत्र बसलं आणि ठरलं : रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतील, साडेआठला पुन्हा वाजेल. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी सांगितलं आहे की आधी पुरुषांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. बायकांनी मात्र मनावर घेतलं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. त्या दीड तासात मुलं अभ्यासाला बसू लागली आणि मोठी माणसं एकमेकांशी बोलू लागली.

यातलं मर्म मला असं वाटतं. एकट्या घराने टीव्ही बंद केला तर शेजारच्या मालिकेचा आवाज भिंतीतून येतोच. एकट्या मुलाने फोन ठेवला तर आपल्यावाचून काय चाललं असेल, हा किडा त्याच्या डोक्यात वळवळत राहतो. सगळ्यांनी एकदम ठेवला की कुणाचंच काही चुकत नाही. गुरुजनहो, आपल्या शाळेची घंटा तरी वेगळं काय करत होती? ती एकट्यादुकट्यासाठी वाजत नसे, म्हणून तर आम्ही ऐकत होतो.

गेल्या वर्षी आपला एक मित्र दीड महिना अंथरुणावर होता. ग्रुपवर ‘लवकर बरा हो’ आणि जोडलेले हात यांचा पाऊस पडला. त्याला बरंही वाटलं असेल. पण सांगलीतल्या तीन मैत्रिणी आळीपाळीने डबा घेऊन जात होत्या, आणि तो आज बोलतो ते त्या डब्यांबद्दल.

म्हणून या व्यासपीठावरून तीन गोष्टी सुचवतो. सात ते साडेआठ आपला ग्रुप गप्प राहील. अडीनडीचा निरोप असेल तर सरळ फोन करायचा. कुठलीही बातमी टाकताना ती आपल्याला कुठून कळली हे एका ओळीत लिहायचं. लिहिता येत नसेल तर टाकायची नाही. आणि इथे बसलेल्या प्रत्येक सरांना आणि बाईंना महिन्यातून एकदा आपल्यातल्या कुणीतरी फोन करायचा. कुणी कुणाला करायचा याची यादी मी करून आणली आहे, जेवणाच्या वेळी दाराजवळच्या टेबलावर ठेवतो. आपलं नाव बघून घ्या. काहींच्या वाट्याला गणिताचे सर आले आहेत, त्यांनी जरा तयारी करून फोन करावा.