अभंगाखाली नाव कोणाचं?

(शताब्दी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर केलेलं भाषण)



आज आम्हाला सिनेमातल्या कथेकऱ्यांवर बोलायला सांगितलंय. दिंडीत सिनेमा कशाला, असं काहींच्या मनात येईल. पण एक सिनेमा कितीतरी वर्षं आपल्याबरोबर पंढरीला चालतोय, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

मागच्या वारीत मुक्कामी भजन चाललं होतं. बीज आणि झाडाचं रूपक असलेलं ते सर्वांच्या तोंडचं पद झालं. तेवढ्यात एका पोराने विचारलं, "माउली, याच्या शेवटी 'तुका म्हणे' कुठंय?" टाळ थांबले. वही पाहिली. वर तुकोबांचं नाव, खाली मुद्रा नाही. मग गाथा चाळली. गाथेतही ते पद नाही.

ते आहे प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या चित्रपटातलं. लिहिलं कवी शांताराम आठवले यांनी, संगीत केशवराव भोळ्यांचं, गायले विष्णुपंत पागनीस.

आम्हीही चार ओळी जुळवतो, म्हणून मन यात गुंतलं. कीर्तनकार आधी अभंग घेतो, त्याचा अर्थ उलगडतो, मग दृष्टांत देतो. दृष्टांतात त्याला मोकळीक असते. संवाद तो स्वतः रचतो, आवलीचा त्रागा करून दाखवतो, हसवतो, रडवतो. प्रमाण देताना मात्र मोकळीक नाही. ज्ञानोबांची ओवी ज्ञानोबांचीच, नाथांचा अभंग नाथांचाच. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल आणि लेखक शिवराम वाशीकर यांनी पडद्यावर असंच कीर्तन उभं केलं. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला. इकडे तर पागनीसांचा चेहराच अनेकांना तुकोबांचा वाटू लागला. मग गाणंही तुकोबांचंच वाटलं, यात नवल काय?

आता गंमत पाहा. त्याच चित्रपटात सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो. त्याचं नाव गाथेतही येतं. आपल्या हातून त्याच्या उलट झालं. आठवल्यांनी आपल्या पदाला तुकोबांची मुद्रा लावली नव्हती, ते नाव आपण चिकटवलं. सालोमालोने लोभापोटी केलं, आपण प्रेमापोटी केलं. पण लिहिणाऱ्याचं नाव दोन्हीकडे पुसलं गेलं.

आमचे एक वडीलधारे म्हणाले, "लोकांनी तुकोबांचं म्हणून गायलं, याहून मोठा मान त्या कवीला कोणता? कशाला उकरून काढता?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. कोणाही कवीला असा मान हवासा वाटेल. पण तो मान द्यायचा तर कवी कोण हे माहीत नको का? आणि ज्या तुकोबांना आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर गेल्याचं दुःख होतं, त्यांच्याच नावावर दुसऱ्याचे शब्द ठेवायचे?

म्हणून आम्ही मिळून ठरवलं. पद सोडायचं नाही, वाटेने गायचंच. कीर्तनात मात्र ते तुकोबांचं प्रमाण म्हणून घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच पोराच्या हाती वही दिली. त्याने जुनं नाव खोडलं आणि लिहिलं, 'कवी शांताराम आठवले'. मग टाळ पुन्हा वाजले. चाल तीच होती माउली, पण म्हणताना मन मोकळं झालं होतं.

रामकृष्णहरि!