चौकशीचा माणूस दारात येतो तेव्हा

सप्टेंबर 2021 मध्ये बर्लिनमध्ये सात महिन्यांच्या एका भारतीय मुलीला दुखापत झाली म्हणून आई-बाबा तिला रुग्णालयात घेऊन गेले, आणि जर्मन बालकल्याण यंत्रणेनं तिला ताब्यात घेतलं. या कुटुंबाचं नातं आपल्या भाईंदरशी. पुढे 2022 मध्ये फौजदारी तपास आरोप न ठेवता बंद झाला, तरी जून 2023 मध्ये तिथल्या न्यायालयाने मुलीचा ताबा पालकांना दिला नाही. फौजदारी तपास वेगळा आणि ताब्याचा प्रश्न वेगळा; पालक नेमके इथेच गाफील राहतात.

आपल्याकडे 2015 चा बाल न्याय कायदा आहे. मूल ताब्यात घेतलं, तर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात येतं, म्हणून इथल्या मुलांसाठी ठाणे जिल्ह्याची समिती.

मुलाबाबत चौकशीला कुणी आलं की दार लावून घेऊ नका. ओळखपत्र बघा, नाव-तारीख वहीत टिपा. लसीकरणाचं कार्ड, केसपेपर, शाळेचं प्रगतिपुस्तक एका पिशवीत ठेवा. जखम कशी झाली, ते पहिल्यांदा सांगाल तेच शेवटपर्यंत सांगा. आणि मुलाला उत्तरं पढवू नका हो, अनुभवी अधिकाऱ्याला ते लगेच कळतं!

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक 15100. मोफत वकिलासाठी महिलांना उत्पन्नाची अट नाही. समितीचा आदेश लेखी मागून घ्या. अपिलाची मुदत साधारणपणे 30 दिवसांची असते.