धावपटूंच्या टाचेचे दुखणे
बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ज्या 3000 मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक मिळवले, तीत 28 अडथळे आणि पाण्यावरील 7 उड्या असतात, आणि अशा प्रत्येक उडीचा मोठा भार पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या अकिलीस कंडरेला पेलावा लागतो. पोलीस भरतीच्या 1600 मीटर धावेसाठी एकाएकी सराव वाढवणाऱ्या तरुणांनाही याच कंडरेचे दुखणे जडू शकते. सकाळची पहिली पावले टाकताना जाणवणारा ताठरपणा ही त्याची खूण होय.

संपूर्ण विश्रांती हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण भाराविना कंडरा अधिकच दुबळी होते. स्वीडनमधील हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या पद्धतीत रुग्ण पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभा राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली नेतो आणि वर येताना दुसऱ्या पायाचा आधार घेतो. हा व्यायाम गुडघा सरळ ठेवून आणि पुन्हा किंचित वाकवून, प्रत्येकी 15 वेळांचे 3 संच, दिवसातून दोनदा, 12 आठवडे करायचा असतो. एवढा धीर थोड्यांनाच असतो, पण गुण येतो तो त्यानेच. दुखणे थेट टाचेच्या हाडापाशी असल्यास मात्र टाच पायरीखाली नेऊ नये. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा आग्रह धरू नये, कारण त्याने ती तुटण्याचा धोका असतो. धावताना टाचेमागे अचानक तडाखा बसल्यासारखे वाटून चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.