सैनिकाची छाती, पोलिसाचे मन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी जवान पुढे पोलिसांत जातात. ते सोबत काय आणतात आणि त्यांना नव्याने काय शिकावे लागते, एवढेच मी सांगणार आहे.

ते शिस्त आणतात, संकटात पाय रोवून उभे राहण्याची सवय आणतात. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे लष्कराच्या सिग्नल विभागात नाईक होते. १९९१ साली ते मुंबई पोलिसांत आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर, हाती केवळ लाठी असताना, त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणूनच सहकाऱ्यांना तो जिवंत सापडला आणि त्याच्यावर रीतसर खटला चालला. ओंबळ्यांना २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

परंतु सैनिकापुढे शत्रू असतो. पोलिसापुढे बहुधा आपलीच माणसे असतात. हा फरक सोलापूरकरांना का सांगायला हवा? १९३० च्या मे महिन्यात येथे मार्शल लॉ पुकारून इंग्रजांनी शहर लष्कराच्या ताब्यात दिले. नागरिकालाच शत्रू मानले की काय होते, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे.

आज आपली मुले, मुलीसुद्धा, पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला जातात. त्यांना एवढेच सांगा : छाती सैनिकाची असू द्या; पण चौकीत रडत आलेल्या बाईला आधी बसायला सांगा, पाणी द्या आणि तिचे म्हणणे ऐकून घ्या.