रात्रीची पाळी वाटून घ्या



घरात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातला पेशंट असला की भेटायला येणारे त्याच्या उशाशी बसतात, शहाळं ठेवतात, ‘झोप लागते का?’ म्हणून विचारतात. त्याची कूस बदलायला रात्रीतून तीनदा उठणाऱ्या बायकोला किंवा सुनेला मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही.

१९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी, दुसऱ्यांची सेवा करता करता विझत जाणाऱ्या माणसांविषयी लिहिलं. पुढं मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी या विझण्याच्या, म्हणजे बर्नआउटच्या, तीन खुणा सांगितल्या: न सरणारा थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. मरणाच्या वाटेवरच्या माणसाची सेवा करताना ही तिसरी खूण फार खोल रुतते, कारण पेशंट बरा होणार नसतो. म्हणून यशाचं माप बदलावं लागतं. कळा थांबल्या, जखमेचा वास कमी झाला, दोन घास पोटात गेले, तर आजचा दिवस सार्थकी लागला.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली बर्नआउटची व्याख्या केली, ती नोकरीच्या ठिकाणापुरती. घरी सेवा करणारीला हजेरीपट नाही आणि साप्ताहिक सुट्टीही नाही. ‘आता सुटले तर बरं’ असं तिच्या मनात येतं आणि त्या विचाराची तिला लाज वाटते. अशा माउलीला मी सांगेन, यात पाप नाही. तुमची माया आटलेली नाही, तुमचं शरीर थकलंय.

मुंबईत वांद्र्याला १९८६ साली अशा पेशंटची काळजी घेणारं शांती अवेदना सदन सुरू झालं. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे परिहार सेवा, पेशंटच्या वेदनांइतकीच त्याच्या घरच्यांचीही दखल घेते. पण अशा जागा मोजक्याच आहेत. बाकीचा भार नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनीच उचलायचा आहे.

‘काही लागलं तर सांगा’ एवढं म्हणून उठू नका, कारण थकलेलं माणूस सांगत नाही. ‘शनिवारी रात्री मी बसतो, तुम्ही दार लावून झोपा,’ असं म्हणा. औषधांच्या वेळा लिहून घ्या, आणि शनिवारी ठरल्या वेळी जा.