फेस आणि स्वच्छता

म्हैसूर शहराच्या वायव्येस, कृष्णराजसागराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला मेटगळ्ळी ही औद्योगिक वसाहत आहे. तेथे पाळी संपवून यंत्रावरून उठलेला कामगार नळाखाली हात धरतो, तेव्हा पाणी बोटांवरून नुसते ओघळून जाते. वंगण जागचे हलत नाही. साबण फिरताच तेच वंगण करड्या फेसातून वाहू लागते. ही घटना इतकी रोजची आहे की तिच्यात नवल ते काय, असे कोणासही वाटावे. मात्र काही महिन्यांनी त्याच हातांना भेगा पडू लागतात, आणि दोष वंगणाला दिला जातो. पुष्कळदा खरा दोषी असतो तो वंगण काढणारा पदार्थ.

अशा पदार्थांना पृष्ठक्रियाकारक म्हणतात. नाव अवजड, कल्पना सोपी. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि तेलकट कातडीवर पाणी पसरण्याऐवजी त्याचे थेंब होतात. पृष्ठक्रियाकारकाच्या रेणूचे डोके पाण्यात रमते, तर कार्बन अणूंच्या साखळीचे त्याचे शेपूट पाणी टाळून तेलात शिरते. दोन्ही घरांशी सोयरीक असलेल्या मध्यस्थासारखे हे रेणू वंगणाच्या कणाभोवती गोळा होतात, शेपट्या आत रुतवतात आणि डोकी बाहेर ठेवतात. मग तो कण कातडी सोडून पाण्याबरोबर निघून जातो. फेस म्हणजे या खटाटोपात अडकलेली हवा. फेस अधिक म्हणजे मळ अधिक निघाला, असा नियम नाही. कपडे धुण्याच्या काही यंत्रांसाठी कमी फेसाची भुकटी मुद्दाम तयार करतात, आणि कपडे स्वच्छच निघतात.

म्हैसूरला हा विषय परका नाही. 1914 साली महायुद्ध सुरू होताच संस्थानातील चंदनाची यूरोपला होणारी निर्यात अडली आणि लाकडाच्या राशी पडून राहिल्या. नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, विश्वेश्वरय्या दिवाण असताना, हे लाकूड येथेच ऊर्ध्वपातित करून तेल काढण्याचे ठरले. पाठोपाठ 1918 च्या सुमारास बंगळूरला सरकारी साबण कारखाना निघाला. त्याच्या उभारणीत रसायनज्ञ एस. जी. शास्त्री यांचा मोठा वाटा होता. ‘म्हैसूर सँडल’ची लंबगोल वडी घरोघरी पोहोचली. लोकांच्या मनात राहिले ते चंदन. वस्तुतः चंदनाने दिला तो सुगंध. मळ काढण्याचे काम तेल व दाहक सोडा यांच्या साबणीकरणातून तयार झालेल्या वसाम्लांच्या सोडियम लवणाचे. त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही.

साबणाच्या उणिवा दोन. दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींचे पाणी दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून चिकट साका धरतात, आणि निम्मी वडी त्यातच खर्ची पडते. दुसरी उणीव अशी, की निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर साबणाचे पाणी स्पष्टपणे अल्कधर्मी.

कृत्रिम प्रक्षालकांनी पहिली अडचण पुष्कळशी दूर केली. त्यांतील सर्वांत परिचित सोडियम लॉरिल सल्फेट. याच्या साखळीत मुख्यतः 12 कार्बन अणू असतात. ही साखळी येते बहुधा खोबरेलातून किंवा पाम-बियांच्या तेलातून. जे खोबरेल कोकणात केसांना लावतात, त्याच्या वसाम्लांपैकी जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. तेव्हा ‘नैसर्गिक’ आणि ‘कृत्रिम’ ही विभागणी वाटते तितकी सरळ नाही. हे द्रव्य मळ उत्तम काढते, पण कातडीचे स्वतःचे स्निग्ध आवरणही सोडत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना प्रयोगासाठी त्वचेचा दाह मुद्दाम घडवून आणायचा असतो, तेव्हा ते हेच द्रव्य वापरतात! ते कर्करोग करते या वदंतेला मात्र आधार नाही. त्याचेच सौम्य भावंड सोडियम लॉरेथ सल्फेट. त्यात खोबरेलापासूनचे कोकामिडोप्रोपिल बीटेन मिसळले की दाह आणखी कमी होतो. आजच्या बहुतेक शांपूंत ही जोडी असते.

श्रोत्यांपैकी ज्यांनी आजीच्या हातची शिकेकाई डोक्यावर घेतली असेल, त्यांनीही पृष्ठक्रियाकारकच वापरला. कन्नडमध्ये तिला सीगेकाई म्हणतात. शिकेकाई आणि रिठा यांतील सॅपोनिने तेच काम करतात. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले म्हणजे झाडावरून आलेले सारेच सौम्य नसते, हे लगेच कळते.

साबणाच्या वेष्टनावर ‘टी.एफ.एम.’ अशी अक्षरे व एक टक्केवारी असते. तो वडीतील एकूण वसाद्रव्याचा अंश होय. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या टॉयलेट साबणात तो किमान 76 टक्के हवा. ‘बेदिंग बार’ नावाच्या वड्यांना ही अट नसते, आणि दुकानात दोन्ही एकाच फळीवर मांडलेल्या असतात. शांपूच्या बाटलीवरील घटकांची यादी साधारणतः प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. प्रथम पाणी, त्यामागोमाग बहुधा पृष्ठक्रियाकारक. सुगंध बराच खाली.

मेटगळ्ळीच्या त्या कामगाराने कपड्यांची भुकटी हातांवर चोळू नये. वंगणावर आधी थोडे खोबरेल चोळावे, कारण तेलात तेल सहज मिसळते. चिंधीने पुसून घ्यावे, आणि उरलेल्यासाठी सौम्य साबण थोडाच लावावा. हात भरपूर पाण्याने धुऊन कोरडे करावेत आणि त्यांवर पुन्हा थोडे तेल किंवा मलम लावावे.